चारदाती

"तोंड उघड," तो म्हणाला.

मले समजलं नाई. मले तवा मराठी येतच नव्हती. मंग त्यानं माझी हनुवटी धरली, अंगठा तोंडात घातला अन् वरचा ओठ नाकापर्यंत वर केला. अंगठ्याले खर्र्यातल्या सुपारी-तंबाखूचा अन् खडूचा वास होता. तो वास मले आजही ओळखता येते.

तो आश्रमशाळेचा हेडमास्तर. मी इंद्रावती नदीच्या पलीकडून पळून आलेली पोट्टी. शाळेच्या व्हरांड्यात पहिलीची नवी लेकरं रांगेत उभी, त्याईचे मायबाप खाली अंगणात उकिडवे बसलेले. टेबलाजवळ शिपाई रजिस्टर घेऊन. जे झालं ते या सगळ्याईच्या समोर झालं.

आधी त्यानं मले डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरायले लावला होता. तवा तशीच रीत होती. जन्माचा दाखला नसला का असा कान धरून दाखवायचा. हात कानापर्यंत पोचला म्हणजे सहा वर्षं झाली, पहिलीत घ्या. माझा हात कानाच्याही खाली गेला. लेकरं हसली. म्हणजे मी सहाच्या वरची. पण किती वरची? म्हून दात.

त्यानं बोटानं एकेक दात दाबून पाह्यला. मंग शिपायाकडे मान वळवून म्हणाला, "चारदाती आहे."

सगळे हसले. शिपाई हसला, अंगणातले बाया-माणसं हसले. मी बी हसली. समोरचे हसून राह्यले तर आपणही हसावं, इतकंच मले कळत होतं. तोंडात त्याचा अंगठा तसाच होता.

माझी काको, म्हणजे माझ्या आईची आई, मागं उभी होती. तिनं आमच्या भाषेत माझं वय सांगतलं. टेंभुर्णीच्या डोंगरावर पेंडा होता, त्याच्या तिसऱ्या वर्षी ही झाली. मंग नाल्याकडचा पेंडा पुरा. मंग खडकावरचा पुरा. मंग मोहाच्या टेकडीवरचा एक पाऊस. मंग आग. आगीनंतर इथी एक पाऊस.

पेंडा म्हणजे जंगल तोडून, जाळून केलेलं वावर. तीन पाऊस पिकवायचं, मंग जंगलाले वापस देऊन दुसरीकडे जायचं. आमच्याकडे कोणाले वय विचारलं का असंच सांगते. मोजून पाहा, नऊ येते. त्या व्हरांड्यात कोणीच मोजलं नाई.

"बुढी काय म्हणते?" हेडमास्तरनं विचारलं.

शिपायाले आमची भाषा येत होती. तो म्हणाला, "डोंगरावर झाली म्हणते, जी."

"डोंगर कोणी विचारला? वय विचारलं मी."

पुन्हा हसणं. मंग रजिस्टरात लिवलं, वय सहा, जन्म एक जून. त्या वर्षी त्या व्हरांड्यातली सगळीच लेकरं एक जूनले जन्मली होती. कागदावर मी आजही तीन वर्षांनी लहान आहे.

अंगणात आल्यावर काकोनं खांद्यावरचा पाण्याचा तुंबा काढला. "चूळ भर," म्हणाली. भरली. पुन्हा पाणी दिलं. असं तीनदा. मंग लुगड्याच्या टोकानं माझे ओठ आतून-बाहेरून पुसले.

आता लोक विचारतात, तवा राग आला असंल ना? नाई आला. खोटं काऊन सांगू? काहीच नाई वाटलं. आदल्या वर्षी मी इतकं पाह्यलं होतं का तोंडात कोणी अंगठा घालणं हे त्याच्यापुढं काहीच नव्हतं. आमच्या गावात जंगलातले बंदूकवाले यायचे, भात मांगायचे. मंग दुसरे बंदूकवाले यायचे अन् भात काऊन दिला म्हणून मारायचे. एका सकाळी गाव जळलं. कोणी जाळलं ते मी इथी लिवत नाई. त्या दोन्हीकडच्या लोकाईच्या मधूनच मले आजही जावं-यावं लागते. बाप तिथीच राह्यला. माय नदी पार करून इथी आली अन् तिसऱ्या महिन्यात तापानं गेली. डोंग्यात आमच्यासोबत एक लाल कोंबडी होती, तिचे पाय बांधले होते. ती कोंबडी मले चांगली आठवते. बापाचं तोंड आठवत नाई.

शाळेच्या हॉस्टेलात मले सगळे चारदाती म्हणायले लागले. शिपाई हाक मारायचा, स्वयंपाकीण हाक मारायची, पोट्ट्या तर दिवसभर. मले वाटलं हे माझं शाळेतलं नाव आहे. दुसऱ्या पोट्ट्याईलेही शाळेनं नवीन नावं दिली होती. सुनीता, वंदना, अशी. आमच्यात मेलेल्या बुढ्या माणसाचं नाव लेकराले देतात, म्हणजे ते माणूस वापस आलं असं समजतात. माझं नाव माझ्या बापाच्या आईचं होतं. ते इथी कोणाले बोलता येत नसंल, म्हून मले हे दिलं असंल.

सुट्टीत घरी गेली तर काकोले मोठ्या कौतुकानं सांगतलं का मले नवं नाव भेटलं. तिनं दोन-तीनदा म्हणून पाह्यलं. तिची जीभ पहिले अडकली, मंग बसलं. तवापासून ती मले तेच म्हणायची. चारदाती, जेवायले ये. चारदाती, लाकडं आण. लाडानं म्हणायची.

दोन वर्षांनी आम्ही दोघी अहेरीच्या बाजारात चारोळी घेऊन बसलो होतो. तवापर्यंत मले मराठी येत होती. आमच्या बाजूलेच बैलाचा सौदा चालू होता. दलालानं एका गोऱ्ह्याच्या तोंडात हात घातला, ओठ वर केला, दात दाखवले अन् घेणाऱ्याले म्हणाला, "पाहा जी, चारदाती आहे. दहा वर्षं ओढंल."

मी पाहात राह्यली. त्या जनावराच्या तोंडातून फेस गळत होता. त्यानं डोळे मिटले होते.

काकोले मराठी येत नव्हती, पण तो शब्द तिच्या कानाचा झाला होता. ती हसली. मले कोपरानं ढोसून म्हणाली, "ऐकलं काय? त्या बैलाचं नावही तुझंच आहे."

मी हौ म्हणलं.

सांगून देता आलं असतं. त्याच दिवशी सांगायले पाह्यजे होतं. पण सांगू कसं? दोन वर्षं तिनं मले लाडानं तेच म्हणलं होतं, अन् ते मीच तिले शिकवलं होतं. मी सांगतलं नाई. काको आणखी चार वर्षं जगली. मरताना पाणी मांगतलं तेही त्याच नावानं हाक मारून. मी ओ दिली, पाणी दिलं. रडू आलं नाई.

त्या बाजारानंतर मी तोंड बंद केलं. हसताना हात तोंडावर. जेवताना भिंतीकडे तोंड. तोंडी परीक्षा असली का मुकी. गुरुजी म्हणायचे, ढ आहे. मी ढ नव्हती. मले सगळं येत होतं, पण ते तोंड उघडल्याशिवाय बाहेर कसं यावं?

हे बदललं ते एका शिलाईवाल्या बाईमुळं. अहेरीत तिच्या नवऱ्याचं कापडाचं छोटं दुकान होतं, तो वारला होता, अन् ती दुकानाच्या ओट्यावर मशीन ठेवून शाळांचे ड्रेस शिवायची. घरचे तिले आपा म्हणायचे, आम्ही सगळ्या बाई म्हणायचो. दरवर्षी ती हॉस्टेलात मापं घ्यायले यायची. मी सहावीत असताना पहिल्यांदा आली. माझ्यासमोर टेप घेऊन उभी राह्यली अन् म्हणाली, "बेटा, टेप लावू काय?"

मी नुसती पाहात राह्यली. ती वाट पाहात होती. खरंच पाहात होती!

"नको असंल तर अंदाजानं शिवते," ती म्हणाली. "थोडा सैल होईन, बस."

मी हात वर केले. तिनं माप घेतलं, मंग वही काढली. "नाव काय तुझं?"

मागच्या पोट्ट्या एका आवाजात ओरडल्या, "चारदाती!"

बाई वळली. "मी तिले विचारलं. तुमाले विचारलं काय?"

मी माझं नाव सांगतलं. कितीतरी दिवसांनी सांगतलं. तिनं ते तसंच लिवून घेतलं, दोनदा विचारून. ते नाव मी इथी लिवत नाई. कोणाले सांगायचं अन् कोणाले नाई, ते आता मी ठरवते.

काको गेल्यावर सुट्ट्याईत मी बाईकडेच राहायची. काजं-बटनं करायची, टेपावरचे आकडे वाचायची. गणित मी त्या टेपावर शिकली. छाती अठ्ठावीस, लांबी चौतीस, दोन बोटं माया. माया म्हणजे शिवताना आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोट्टी वाढली का उसवून सोडायचं. बाई माया जरा जास्तच ठेवायची. अन् मी गप्प बसली का चिडवायची, "अवं, तोंडात टाचण्या धरल्या काय तुनं? बोल ना!" तिचा एकच कायदा होता. अंगाले हात लावायच्या आधी विचारायचं. लेकरू असो का म्हातारी. विचारल्याशिवाय ती कोणाच्या खांद्यावरचा धागाही उचलत नव्हती. तिच्या ओट्यावर बसून मी दहावी पास झाली.

मंग पुन्हा नदीपलीकडून लोक यायले लागले. मी तवा वीस-बाविशीची असंल. या वेळी जास्त आले. अख्खी गावं उठून आली अन् इथल्या गावाच्या कडेनं जंगलात झोपड्या टाकून राह्यली. त्याईच्या पोट्ट्याईले मराठी शिकवून शाळेत घालायचं काम एका संस्थेनं सुरू केलं होतं. दोन्ही भाषा येणारी बाई पाह्यजे होती. शिलाईवाली बाई म्हणाली, "जाय. तुह्याशिवाय कोण जाईन?" मी गेली.

तेंदूपत्त्याचं एक रिकामं गोदाम भेटलं. पानांचा वास भिंतीले चिकटलेला. अकरा पोट्ट्या. पहिले पंधरा दिवस त्या नुसत्या बसून राहायच्या. भिंतीकडे पाहायच्या. कोणी मोठ्यानं दार लावलं तर सगळ्या एकदम जमिनीवर पालथ्या व्हायच्या. मले त्याईची दया आली नाई. दया वाटायले आधी काहीतरी वाटायले लागते. मी रोज जायची, बसायची, टेप उलगडायची.

अ-आ-इ मी नंतर शिकवलं. पहिले दोन वाक्यं शिकवली. एक, "मले समजलं नाई." दुसरं, "आधी विचारा." मी कधी बाबू व्हायची, कधी कंडक्टर, कधी पोलीस नाक्यावरचा शिपाई. टेबलावर हात आपटून ओरडायची. त्याईनं उभं राहून, माझ्याकडे पाहून म्हणायचं, मले समजलं नाई. आधी विचारा. सुरुवातीले आवाजच निंघायचा नाई. महिन्याभरानं त्या माझ्यावरच ओरडायले लागल्या.

त्याईत सगळ्यात मोठी बुदरी. तेरा वर्षांची, पण माझ्याहून उंच. हाडापेरानं मोठी, खांदे रुंद. तीन महिन्यांत वाचायले लागली. फळ्यावरचं गणित सोडवायची अन् लहान पोट्ट्याईले घेऊन बसायची. तोंडानं फटकळ. एक दिवस मले विचारते, "तुले येवढं येते तर तू काऊन नाई झाली हेडमास्तर?" अन् स्वतःच हसली. पुरं तोंड उघडून हसायची ती, मागच्या दाढा दिसंपर्यंत. मी दुसरीकडे पाहायची. मंग पुन्हा तिच्याकडे पाहायची.

जूनमधी अकरा जणींले शाळेत दाखल करायचं होतं. जवळची शाळा एकच, माझीच. तिथी नाव लागलं का हॉस्टेल, जेवण, पुस्तकं. पण बुदरीसाठी त्याहून मोठं काहीतरी होतं. शाळेत नाव लागलं का शिक्का मारलेला दाखला भेटायचा. पलीकडून आलेली उंचपुरी पोट्टी, हातात कागद नाई, म्हणजे नाक्यावर तिले एकच प्रश्न विचारायचे, जंगलातून आली काय? मंग बसवून ठेवायचे. दोनदा बसवून ठेवलं होतं तिले. दुसऱ्या वेळी वापस आल्यावर ती तीन दिवस झोपडीबाहेर निंघाली नाई. म्हून हा दाखला पाह्यजेच होता. तो भेटला का ती शाळेतली पोट्टी, नाई भेटला तर कोणीही काहीही म्हणावं अशी बाई.

शिलाईवाल्या बाईनं अकरा ड्रेस आधीच शिवून ठेवले. बुदरीचा ड्रेस हातात घेऊन म्हणाली, "हिच्याले चार बोटं माया ठेवली. ही आणखी वाढते पाह्य."

तोच व्हरांडा. तेच टेबल. हेडमास्तर तोच, केस पांढरे झालेले, रिटायर व्हायले आलेला. त्यानं मले पाह्यलं अन् उठून उभा राह्यला.

"अरे, ही तर आपली चारदाती!" बाजूच्या क्लार्कले म्हणाला, "जंगलातून आणून शिकवली हिले मी. आता पाहा, बाई झाली." मले बसायले खुर्ची दिली. चहा मांगवला. मी खुर्चीवर बसली अन् चहा पेली. नाव चुकीचं आहे असं म्हणली नाई.

दहा पोट्ट्याईचं पटापट झालं. पाह्यलं अन् लिवलं. सात, एक जून. आठ, एक जून. मंग बुदरी टेबलासमोर आली. बाईनं शिवलेला ड्रेस घालून. मागं तिची माय, खांद्यावर तुंबा. नातेवाईक खाली अंगणात.

"ही पोट्टी नाई," हेडमास्तर म्हणाला. "ही बाई आहे. अठरा लिवा अन् घरी पाठवा."

"तेरा आहे, गुरुजी."

"कशावरून?" त्यानं फॉर्म माझ्याकडे सरकवला. "तूच पाह्य ना दात. तुले तर माहीत आहे कसं पाहातात. पाहून लिव, मी सही करतो."

माझ्या मनात काय आलं ते सांगते. मले वाटलं, अक्कलदाढ नसंल तर अठरा म्हणता येणार नाई. म्हणजे हिचं काम होईल. म्हणजे हिच्या भल्याचंच आहे. त्यानंही कधीतरी असाच विचार केला असंल.

मी खुर्चीवरून उठली. आमच्या भाषेत म्हणली, "तोंड उघड."

बुदरीनं माझ्याकडे पाह्यलं. तिले समजलं होतं. आपल्याच भाषेत बोलली होती मी, न समजायले काय झालं? पण ती मराठीत बोलली. सरळ उभी राहून, माझ्याकडे पाहून, मी शिकवलं तशी.

"मले समजलं नाई."

मी तिची हनुवटी धरली अन् अंगठा तोंडात घातला.

मी मागपर्यंत बोट नेलं, चारही बाजू पाह्यल्या. बुदरीनं डोळे मिटले होते. तिची थुंकी माझ्या मनगटावर आली.

"अक्कलदाढ नाई आली, गुरुजी," मी म्हणलं.

"तुमाले अक्कल येतेच कवा!" तो म्हणाला.

क्लार्क हसला. अंगणातून कोणीतरी हसलं. अन् मी बी हसली. खरं सांगते, हसली. तोंडावर हात ठेवून.

मंग मले पाणी सांडल्याचा आवाज आला. बुदरीची माय तिले व्हरांड्याच्या कडेले घेऊन गेली होती. तुंब्यातून तिच्या ओंजळीत पाणी ओतत होती. "चूळ भर." बुदरीनं भरली. पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा ओतलं. मंग लुगड्याच्या टोकानं तिनं बुदरीचे ओठ पुसले. हे करताना ती माझ्या हाताकडे पाहात होती. हेडमास्तरकडे तिनं एकदाही पाह्यलं नाई.

माझा अंगठा ओला होता. मी तो पदराले पुसला. पुन्हा पुसला. मंग कानात कायतरी वाजायले लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मले काहीतरी झालं.

मी फॉर्म उचलला, बुदरीच्या मायजवळ गेली अन् जमिनीवर बसली. आमच्या भाषेत विचारलं, "ही कवा झाली?"

तिनं तोंड फिरवलं. काऊन सांगावं मले? मी तशीच बसून राह्यली. मंग ती बोलली. आंब्याच्या नाल्यावरचा पेंडा, पहिलाच पाऊस, तवा ही झाली. तो पेंडा धरून चार पेंडे पुरे केले. मंग पळालो. इथी एक पाऊस.

चार पेंडे म्हणजे बारा. अन् एक. मी वयाच्या रकान्यात तेरा लिवलं, अन् त्याच्या खाली मायनं सांगतलं ते सगळं लिवलं, नाल्यासकट, आंब्यासकट. रकान्यात मावलं नाई. समासात लिवलं. मंग मायले विचारलं, "अंगठा लावशीन काय?" ती म्हणाली, लावते. टेबलावरचं शाईचं पॅड मीच आणलं.

हेडमास्तरनं फॉर्म पाह्यला. "हे काय लिवलं?"

"वय."

"पुरावा काय?"

"माय समोर उभी आहे, गुरुजी. तिनंच जन्म दिला."

"डोंगर-नाले मोजून वय निंघत नाई. खोड ते."

"नाई खोडत."

"चारदाती, येवढी मोठी झाली काय तू?"

"ते माझं नाव नाई," मी म्हणलं. माझा आवाज मलेच अनोळखी वाटला. मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. "अन् दात पाहूनच वय लिवायचं असंल तर पहिले तुमचे पाहू. रिटायर व्हायले कितीक दिवस राह्यले ते समजंल. तोंड उघडा, गुरुजी. हात लावू काय?"

कोणी हसलं नाई. हेडमास्तरचा हात आपोआप वर गेला अन् त्यानं स्वतःचं तोंड झाकलं. मी त्याच्याकडे पाहात उभी होती.

मंग त्यानं हात खाली घेतला, बुदरीचा फॉर्म बाजूले टाकला अन् म्हणाला, "दहा घेतो. ही नाई. निंघा इथून."

पुढचं थोडक्यात सांगते. बुदरीचं नाव लागलं नाई. महिन्याभरात संस्थेचं पत्र आलं का माझं वागणं उर्मट आहे, शाळेशी संबंध बिघडले, उद्यापासून येऊ नका. गोदामाले कुलूप लागलं. मी अहेरीच्या आदिवासी विकासाच्या ऑफिसात चार वेळा गेली, तोच समासात लिवलेला फॉर्म घेऊन. साहेब नाई, साहेब मीटिंगमधी, साहेब दौऱ्यावर. चौथ्या वेळी साहेब होते. म्हणाले, "ठेवून जा." मी ठेवून आली नाई. हिवाळ्यात बुदरी मायसोबत तेलंगी मुलखात मिरचीच्या तोड्याले गेली. जाताना नाक्यावर तिले पुन्हा बसवून ठेवलं होतं, दुपारपर्यंत.

ती जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या झोपडीवर गेली होती. मले वाटलं होतं का हेडमास्तरले तसं बोलल्यावर छाती मोकळी होईल. नाई झाली. मी तिले म्हणलं, "तुह्या तोंडाले हात लावला. चुकलं माझं."

ती कपड्याचं गाठोडं बांधून राह्यली होती. गाठ मारून झाल्यावर बोलली. "तू विचारलं नाई."

"नाई विचारलं."

"आमाले शिकवलं अन् तूच नाई विचारलं."

तिनं गाठ सोडून गाठोड्यातून शाळेचा ड्रेस काढला अन् माझ्याजवळ दिला. म्हणाली, मिरचीच्या वावरात खराब होईन. फेकला असता तरी मी काही म्हणलं नसतं. तिनं दिला.

तो ड्रेस आता बाईच्या ओट्यावर, कापडाच्या थप्पीत आहे. बाजूले एक वही आहे. दुपारच्याले मी बाईच्या मशीनवर शिवते, सकाळच्याले झोपड्याईत फिरते. एकेका पोट्टीच्या मायजवळ, मावशीजवळ, जी कोणी उरली असंल तिच्याजवळ बसते. विचारते, सांगशीन काय? सांगते म्हणली तर लिवून घेते, कोणता नाला, कोणता डोंगर, कितवा पाऊस. खाली अंगठा. कोणाकोणाले सांगायले कोणीच राह्यलं नाई. त्या पोट्ट्याईसाठी बाकीच्या बाया आठवून-आठवून जुळवतात.

वहीतलं पहिलं पान माझं आहे. टेंभुर्णीच्या डोंगरावरचा पेंडा, तिसरा पाऊस. काकोनं त्या व्हरांड्यात सांगतलं तसंच, शब्दाले शब्द. खाली तिचा अंगठा नाई. माझं खरं नाव आहे.

मिरचीचा तोडा संपला का बुदरी वापस येईन. आता ती आणखी वाढली असंल. बाईनं चार बोटं माया ठेवली आहे, मी उसवून देईन. जूनमधी मी तिले, तिच्या मायले अन् ही वही घेऊन त्याच व्हरांड्यात जाणार आहे. हेडमास्तर रिटायर झाला असंल तर नव्याजवळ जाईन. हाकलून दिलं तर दुसऱ्या दिवशी जाईन. मले आता कशाची लाज राह्यली नाई अन् आशाही फार नाई. पण यापुढं त्या व्हरांड्यात एकाही पोट्टीच्या तोंडाले तिले न विचारता मी कोणाचा हात लागू देणार नाई. माझा बी नाई.